ठाणे खाडीचा तळ मॅप करायचाय? सोनारआधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यातल्या तळाचा हॅबिटॅट मॅप (कुठे कसला तळ आणि त्यात कोण राहतं याचा नकाशा) करायचाय, हातात एक वर्ष आहे, बजेट बेताचं. गाइड म्हणतात फुकटच्या सॅटेलाइट इमेजवर भागव, एक सर्व्हेवाला म्हणतो मल्टिबीम सोनारशिवाय (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पट्ट्यापट्ट्याने तळ मोजणारं यंत्र) काही खरं नाही. मग घ्यायचं काय, ग्रॅब सॅम्पल (जबड्यासारख्या यंत्राने उचललेले तळाचे नमुने) किती लागतील, आणि ९० टक्के अचूकता आली नाही तर पेपर होईल का?

मी बरीच वर्षं खाड्यांच्या तळाचं काम करते, जास्त करून मुंबई-रायगडच्या बाजूला, त्यामुळे ठाणे खाडी ओळखीची आहे. तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण त्याआधी एक सांगते. तुमची खरी अडचण यंत्राची नाहीये. या खाडीचा निम्मा तळ दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि उरलेला इतक्या गढूळ पाण्याखाली असतो की कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. म्हणजे एका तळाचे दोन भाग, दोन्ही वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पद्धतीने बघायचे आणि मग एकमेकांना जोडायचे. हा जोड नीट बसवणं हेच काम आहे. सॅटेलाइट की सोनार हे भांडण त्यामुळे जरा फोलच आहे, कारण एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसतच नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. मॅप कोणासाठी आहे? वनखात्याच्या व्यवस्थापन आराखड्यासाठी असेल तर चार-पाच ढोबळ वर्ग आणि खात्रीशीर हद्दी पुरतात. चिखलातल्या किड्यांवर पेपर करायचा असेल तर हद्दी थोड्या ढिल्या चालतील पण सॅम्पल भरपूर लागतील. आणि 'अभयारण्य' म्हणजे नेमकं किती क्षेत्र धरताय? २०१५ साली जाहीर झालेलं अभयारण्य साधारण १,६९० हेक्टर आहे, त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचं क्षेत्र. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली ठाणे खाडी मात्र ६,५२१ हेक्टरची आहे. प्रपोजलमध्ये रामसर लिहायचं आणि काम ७९४ हेक्टरवर करायचं असं बऱ्याचदा बघितलंय, मग परीक्षक विचारतात आणि पंचाईत होते. एका वर्षात एका माणसाने ७९४ हेक्टर नीट केले तरी पुष्कळ झालं, मी तेवढेच धरून पुढचं लिहिते.

आता सॅटेलाइट. गाइड चुकीचं सांगत नाहीयेत, उघड्या पडणाऱ्या भागासाठी इमेज लागणारच. पण एक गोष्ट या कामात नवीन आलेल्यांपैकी फार कमी जणांच्या लक्षात येते. सेंटिनेल-२ हा फुकट इमेज देणारा युरोपचा उपग्रह मुंबईवरून जातो तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारास, दर खेपेला तीच वेळ, कारण त्याची कक्षा सूर्याला बांधलेली आहे. आणि खाडीची भरती-ओहोटी चंद्राला बांधलेली. कोकणात कुठल्याही तांडेलाला विचारा, तो तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगेल. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी अकरा-बाराला भरती, आणि उधाणाची सगळ्यात खालची ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास. आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. उधाणाच्या दिवसांत अकरा वाजता खाडी भरलेली असते किंवा भरत आलेली असते. अकराला ओहोटी मिळते ती सप्तमी-अष्टमीच्या बाजूला, म्हणजे भांगाच्या (सगळ्यात कमी चढ-उताराच्या दिवसांच्या) जवळ, आणि ती ओहोटी उधाणाएवढी खाली उतरतच नाही. म्हणजे सेंटिनेल-२ च्या पाच-दहा वर्षांच्या सगळ्या इमेज जरी गोळा केल्यात तरी खाडीतला सगळ्यात खालचा चिखल त्यात एकदाही दिसणार नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचंही तेच, तोसुद्धा सकाळीच जातो. ढगाचा किंवा इमेजच्या संख्येचा इथे संबंध नाही, गोष्ट घड्याळाची आहे.

मुंबईत हे फार महागात पडतं कारण उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वर-खाली होते आणि भांगाला त्याच्या निम्मीही नाही. उतार इतका कमी आहे की मीटरभर पातळी म्हणजे शेकडो मीटर रुंद चिखल. आणि नेमका हाच खालचा पट्टा, जिथे फ्लेमिंगो पाण्याच्या कडेकडेने सरकत खातात, तुमच्या मॅपवर 'पाणी' म्हणून जाईल.

यावर उपाय आहे आणि तोही फुकट. सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह सकाळ-संध्याकाळच्या सहा-साडेसहाच्या कक्षेत फिरतो, म्हणजे बरोबर उधाणाच्या ओहोटीची वेळ. ढगातूनही बघतो. दर बारा दिवसांनी येतो आणि उधाण साधारण पंधरवड्याने, त्यामुळे दोघं दरवेळी जुळत नाहीत, पण दोन-तीन वर्षांच्या इमेज चाळल्या की वेगवेगळ्या पातळीच्या पुरेशा मिळतात. प्रत्येक इमेजमध्ये पाण्याची कड काढायची, त्या मिनिटाची भरतीची पातळी त्या कडेला चिकटवायची, अशा कडा एकावर एक रचल्या की चिखलाच्या उंचीचा कच्चा नकाशा तयार होतो. रडारची खोड एवढीच की ओला गुळगुळीत चिखल आणि वारा पडलेलं पाणी दोन्ही काळंच दिसतं. म्हणून वारा असलेल्या दिवसाची इमेज घ्यायची, पाण्यावर लाटा उठलेल्या असल्या की ते उजळतं आणि चिखल वेगळा निघतो. सेंटिनेल-२ टाकून द्यायचा नाहीच, वरच्या चिखलावर थंडीत शेवाळाचा, डायटमचा जो तपकिरी-हिरवा थर धरतो तो त्यातच दिसतो आणि तिवरांची कड तर अगदी स्वच्छ. ही कड गेल्या काही दशकांत चिखलावर पुढे सरकलीय, त्यामुळे जुन्या नकाशावरून ती उचलू नका, तुमच्याच वर्षाच्या इमेजवरून काढा.

ड्रोनचं विचारलं नाहीयेत पण विचाराल म्हणून सांगते, इथे ड्रोनच्या भरवशावर योजना आखू नका. मुंबईचा विमानतळ, नवी मुंबईचा विमानतळ, समोर मुंबईच्या बाजूच्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र. परवानगी मिळाली तर उत्तम, पण ती मिळेल असं धरून वेळापत्रक करायचं नाही.

सोनारकडे येऊ. सर्व्हेवाल्याला नावं ठेवायची नाहीत, खोल पाण्यात मल्टिबीमला तोड नाही. पण थोडा हिशेब करून बघा, परवडेल की नाही ते आपोआप कळेल. मल्टिबीमचा पट्टा पाण्याच्या खोलीच्या साधारण साडेतीन पट धरला, तर तीन मीटर पाण्यात तो दहा मीटरचा होतो, थोडं ओव्हरलॅप सोडलं तर हातात आठ. ७९४ हेक्टर म्हणजे ७.९४ चौरस किलोमीटर, त्याला आठ मीटरच्या पट्ट्यांनी भरायचं म्हणजे जवळपास एक हजार किलोमीटर होडी चालवायची. चार नॉट वेगाने, म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटर, नुसत्या सरळ लाइनींना सव्वाशेच्या वर तास. आणि हे तीन मीटर पाणी सगळीकडे आणि सगळा वेळ असतं कुठे? या भागात होडी मोकळेपणी फिरते ती भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास. ऐरोलीहून पर्यटकांच्या बोटी सुटतात त्यांचं वेळापत्रकसुद्धा भरतीवरच असतं, ते उगाच नाही. एका भरतीला चार तास धरले तर तीसेक भरत्या लागल्या, वळणं, बिघाड, वारा हे वेगळंच. तुमचं वर्ष आणि बजेट दोन्ही इथेच संपलं.

साइड स्कॅन, म्हणजे खोली न मोजता दोन्ही बाजूंच्या तळाचं चित्र काढणारा सोनार, घेतला तर चित्र बदलतं. त्यात एका बाजूची रेंज ही तळापासूनच्या उंचीच्या दहापट धरली तरी काम देते, म्हणजे अडीच मीटर उंचीवर दोन्ही बाजू मिळून पन्नास मीटर. लाइनींमध्ये चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवलं तर सगळं क्षेत्र दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये बसतं, म्हणजे वीस ते सत्तावीस तास, पाच ते सात भरत्या, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. आणि त्यासाठी सर्व्हे कंपनीचं महागडं युनिट लागतंच असं नाही, मासेमारीसाठी मिळणारे हमिनबर्ड किंवा लॉरन्सचे साइड स्कॅनवाले फिशफाइंडर जगभर उथळ पाण्यातल्या संशोधनात वापरतात. होडीच्या बाजूला पाइपला घट्ट बांधायचं, इंजिनाच्या फेसापासून लांब. शक्यतो टो करायचं नाही, म्हणजे दोरीने होडीमागे ओढायचं नाही, खाडीत असा ओढलेला सोनार कधी चिखलात नाक खुपसेल सांगता येत नाही, आणि जुन्या जाळ्या, दोऱ्या, प्लॅस्टिक तर सगळीकडे आहे.

सोबत एक साधा डबल फ्रिक्वेन्सीचा एको साउंडर (होडीखालची खोली मोजणारं यंत्र) ठेवा, २०० आणि ३३ किलोहर्ट्झचा चालेल. कारण या खाडीत 'तळ' कुठे सुरू होतो हेच नक्की नसतं. काही ठिकाणी खाली पातळ चिखलाचा थर असतो, दह्यासारखा, ना पाणी ना जमीन. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या अंगावरून परततो, ३३ चा आत शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन खोल्यांमध्ये वीस-तीस सेंटिमीटरचा फरक सलग दिसायला लागला की तो पट्टा वेगळा टिपून ठेवा, तिथली वस्ती बहुधा वेगळी निघते, ती वेगळा वर्ग करायच्या लायकीची आहे की नाही ते ग्रॅब सांगेल.

आता सोनारचा सगळ्यात मोठा फसवा प्रकार, हे जरा नीट वाचा. सोनारच्या चित्रात उजळ म्हणजे कडक आणि काळा म्हणजे मऊ असं शिकवतात. या खाडीत उजळ दिसणाऱ्या गोष्टी कमीत कमी तीन प्रकारच्या आहेत. एक, खरा दगड, कारण शिवडी-तुर्भ्याच्या बाजूला काळा बेसॉल्ट डोकं वर काढतो. दोन, मेलेल्या शिंपल्यांचा थर, प्रवाहाने बारीक गाळ धुऊन नेला की हा मागे उरतो. आणि तीन, चक्क मऊ चिखल, ज्यात सांडपाण्याचं सेंद्रिय कुजून वायूचे बुडबुडे धरलेत. बुडबुड्यांवरून आवाज असा काही परततो की कॉम्प्युटर त्याला खुशाल 'कडक तळ' म्हणून रंगवतो, आणि खाली काठी घातली तर हातभर आत. मुंबई, ठाणे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याचं पाणी अनेक वर्षं या खाडीत उतरतंय, त्यामुळे ही शक्यता इथे कायम मनात ठेवायची. ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन सॉफ्टवेअर या तिघांना एका रंगात टाकेल, त्याचा दोष नाही, त्याला वास येत नाही.

म्हणून होडीत एक लांब बांबू ठेवायचा आणि तो वापरणारा माणूसही. दिवा कोळीवाडा, वाशीगाव, सारसोळे, तुर्भे, कुठलाही जुना माणूस घ्या ज्याने या पाण्यात जाळं लावलंय. बांबू तळाला लागल्याबरोबर तो सांगतो, शिंपल्या असल्या तर करकर हाताला जाणवते, दगड असला तर ठक्क, मऊ चिखल असला तर बांबू आपोआप खाली जातो आणि ओढताना सोडत नाही. हे सगळं जीपीएसवर पॉइंट टाकून लिहून घ्या, खोली, किती आत गेला, काय जाणवलं. दिवसाला शंभर-दीडशे असे पॉइंट आरामात होतात, ग्रॅब दहा-बारा झाले तरी खूप. सोनारचे उजळ डाग वेगळे करायला याहून स्वस्त काही मला माहीत नाही. त्यांना दिवसाचे रीतसर पैसे द्या, आणि पेपरमध्ये 'स्थानिक मदतनीस' म्हणून आभारात एक ओळ टाकण्यापेक्षा पद्धतीच्या भागात लिहा की हा डेटा कुणी गोळा केला.

भरतीच्या पातळीचं एक राहिलं. टाइड टेबल अपोलो बंदरचं असतं आणि तुम्ही असता ऐरोलीला. खाडीत आत शिरताना भरती उशिरा येते आणि तिची उंचीही बदलते. बंदरची पातळी तशीच्या तशी लावलीत तर अर्ध्या मीटरची चूक सहज होते, आणि इथे अर्धा मीटर म्हणजे काय ते वर सांगितलं. लोक ध्वनीच्या वेगाची करेक्शन करत बसतात, जी तीन मीटर पाण्यात पाच-सहा सेंटिमीटरची असते, आणि भरतीची सोडून देतात. दोन प्रेशर लॉगर (पाण्याच्या दाबावरून पातळी नोंदवत राहणारी यंत्रं) घ्या, एक वाशीच्या पुलाकडे, एक ऐरोलीकडे, परवानगी घेऊन खांबाला बांधा, निदान एक पूर्ण पंधरवडा चालू द्या. सोनारची खोली आणि सॅटेलाइटच्या कडा एकाच पातळीवर आणायच्या तर याशिवाय गत्यंतर नाही. मी सुरुवातीला ज्या जोडाबद्दल बोलले तो हाच.

इथपर्यंतचं एका दमात: वरचा चिखल सॅटेलाइटने, त्यातही सगळ्यात खालचा पट्टा रडारने, पाण्याखालचा भाग स्वस्तातल्या साइड स्कॅनने, मध्ये दोन्हींचा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवायचा म्हणजे उधाणाच्या भरतीला होडी चिखलाच्या पट्ट्यावरूनही न्यायची, आणि सगळ्याला एकच पातळी.

पण एवढं करून जे मिळतं तो सब्स्ट्रेटचा मॅप, हॅबिटॅटचा नाही. कुठे चिखल, कुठे शिंपल्या, कुठे दगड एवढंच. त्यात कोण राहतं हे कळायला हात चिखलात घालावाच लागतो. पाण्यातला कॅमेरा इथे कामाचा नाही, भिंगापुढे चहा. त्यापेक्षा व्हॅन वीन ग्रॅब, ०.०४ चौरस मीटरचा, जो दोन माणसं हाताने ओढू शकतात. ०.१ वाला मोठा चांगला, पण त्याला विंच लागतं आणि छोट्या होडीत विंच म्हणजे ताप.

ग्रॅब वर आला की लगेच बादलीत उलटा करू नका. वरची झाकणं उघडा आणि आधी बघा. चांगला आलेला असेल तर वर थोडं स्वच्छ पाणी उभं असतं आणि खाली चिखलाचा पृष्ठभाग जसाच्या तसा, त्यावर बारीक नळ्यांची टोकं, एखादी गोगलगाय सरकल्याची रेघ. वर पातळ तपकिरी साय असते आणि खाली एकदम काळं. प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी कडेने आत घाला आणि तपकिरी थर किती मिलिमीटर आहे ते लिहा. हा थर म्हणजे ऑक्सिजन किती खोल पोचतो त्याची ढोबळ खूण. कुठे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मिळतो, नाल्याच्या तोंडाशी नखाएवढाही नसतो आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात बसतो. वासाचाही कॉलम ठेवा फॉर्ममध्ये, हसू नका: नाही, थोडा, जोरदार, एवढे तीन पर्याय पुरतात. फोटो काढा, त्यात स्टेशनचा नंबर दिसला पाहिजे. जबड्यात शिंपला अडकून अर्धा चिखल वाहून गेला असेल तर तो ग्रॅब फेकून परत टाका, 'चालेल' म्हणून ठेवलेले असे ग्रॅब नंतर विश्लेषणात 'इथे प्राणी कमी आहेत' असं खोटंच सांगतात.

मग थोडा चिखल दाण्याच्या आकारासाठी आणि सेंद्रिय कार्बनसाठी वेगळा काढायचा, उरलेला ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा. एक मिलिमीटरची चाळणी वापरून वेळ वाचवू नका, खाडीतले बरेचसे पॉलिकीट म्हणजे ते केसासारखे किडे त्यातून निघून जातात आणि या खाडीच्या चिखलात वस्ती मुख्यतः त्यांचीच. धुताना पाण्याची धार थेट मारायची नाही, किडे तुटतात, आणि अर्धा किडा ओळखणं म्हणजे डोक्याला ताप.

उघड्या चिखलावर मात्र ग्रॅब नको, चालत जाऊन फ्रेम टाकायची, निवट्यांची आणि चिंबोऱ्यांची बिळं मोजायची, पाइपने कोअर, म्हणजे चिखलाचा उभा तुकडा, काढायचा. इथे जिवाची काळजी आधी. भरती परतते तेव्हा आधी तुमच्या मागच्या छोट्या नाळ्या भरतात, समोरचं पाणी लांबच दिसत असतं. एकटं जायचं नाही, पाणी ओसरत असतानाच चिखलात उतरायचं आणि ओहोटी पूर्ण होण्याआधीच परत फिरायला सुरुवात करायची. मांडीपर्यंत रुतलात तर बूट सोडून द्या, बूट परत मिळतात.

एकच चिखल असूनही दोन हॅबिटॅट असू शकतात, हेही वर्ग ठरवताना लक्षात असू द्या. वाशीच्या बाजूचं पाणी वर्षातला बराच काळ समुद्राच्या जवळचं असतं, ठाण्याकडे खाडी चिंचोळी होत जाते, पाणी कमी बदलतं आणि पावसाळा सोडला तर गोडं पाणी म्हणजे बहुतेक नाल्यांचंच. दाण्याचा आकार सारखा, किडे वेगळे. म्हणून प्रत्येक स्टेशनला खारटपणा आणि तळाजवळचा ऑक्सिजन घ्या. युरोपात हॅबिटॅटचं युनिस (EUNIS) म्हणून वर्गीकरण आहे, अमेरिकेत २०१२ पासून सीमेक्स (CMECS). दोन्हींचा सांगाडा बघा, त्यातली यादी उचलू नका. मी सीमेक्सची पद्धत जास्त वापरते कारण त्यात तळ कशाचा आणि त्यावर कोण राहतं हे दोन वेगळे कप्पे आहेत, एकाची माहिती कच्ची असली तरी दुसरा भरता येतो.

तुमच्या क्षेत्रासाठी सुरुवातीला मी सहा वर्ग धरेन. तिवरांची कड, जिथे मुळांची टोकं वर आलेली असतात. वरचा जरा घट्ट, बिळांचा चिखल. खालचा मऊ चिखल. कायम पाण्याखालचा चॅनेलमधला गाळ. शिंपल्यांचे आणि रेतीचे पट्टे. आणि कडक जागा, ज्यात दगडाबरोबर पुलांचे खांबही आले. खांबांना कमी लेखू नका, कालवं नि बार्नॅकल यांना ती जागाच आहे, १९७३ चा वाशीचा जुना पूल घ्या किंवा तुमच्या क्षेत्राबाहेरचा पण याच पाण्यातला २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. खांबाच्या भोवती प्रवाह तळ खणून काढतो त्यामुळे तिथे शिंपल्यांची रिंगणंही सापडतात. हे सहा वर्ग टिकतीलच असं नाही. ग्रॅब बघून दोन एकत्र करावे लागले तर करा.

परवानग्यांचं थोडक्यात, कारण नियम बदलत राहतात. अभयारण्य आहे म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू, अभ्यासासाठी आत जायलाच परवानगी लागते, चिखल उचलायला तर लागतेच. अर्ज वनखात्याच्या कांदळवन कक्षामार्फत करा, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन आधी प्रत्यक्ष बोला. सोनार चालवायचाय हे अर्जात स्पष्ट लिहा, आणि बंदराच्या हद्दीचं, नौदलाचं काय लागतं ते गाइडच्या सहीने लेखी विचारा. तुर्भ्याच्या बाजूला कॅमेरा बाहेर काढताना दहादा विचार करा. यात महिने जातात, म्हणून आज पहिलं काम हेच. होडीचं काम शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरका, पावसाचं पाणी ओसरलेलं असतं आणि फ्लेमिंगोंची मुख्य गर्दी अजून यायची असते. नंतर थवे चिखलावर असताना त्यांच्यातून होडी हाकलून कोणी मॅप करत असेल तर त्याला अभयारण्यात काम करायचा हक्क नाही, असं माझं मत आहे आणि ते मी मीटिंगमध्येही बोलते.

आता सॅम्पल किती. पाठ्यपुस्तकात वर्गाला पन्नास पॉइंट लिहिलेले असतात, ते इमेजवर टिचक्या मारणाऱ्यांसाठी ठीक आहे. पाण्याखालच्या तीन वर्गांना प्रत्येकी पंधरा ते वीस ग्रॅब, म्हणजे पंचेचाळीस ते साठ, एवढं एका माणसाला झेपतं, आणि त्यातल्याही साधारण एक तृतीयांशाचेच प्राणी पूर्ण ओळखायचे, बाकीच्यांचा फोटो, थर, वास आणि दाण्याचा आकार. कारण वेळ होडीवर जात नाही, लॅबमध्ये जातो. चिखलाचा एक सॅम्पल मायक्रोस्कोपखाली निवडायला दिवस-दीड दिवस सहज लागतो. जागा ठरवताना सोनारच्या चित्रावर प्रत्येक प्रकारच्या डागात रँडम पॉइंट टाका, पण डागाच्या कडेपासून पंधरा-वीस मीटर आत. होडीचा जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे, प्रवाहात ग्रॅबची दोरी तिरकी जाते ते आणखी काही मीटर, त्यामुळे कडेवरचा ग्रॅब नक्की कुठल्या वर्गात पडला हे देवालाच ठाऊक. याच कारणाने पंधरा मीटरपेक्षा लहान ठिपके मॅपवर दाखवू नका, कितीही सुंदर दिसले तरी.

राहता राहिली ९० टक्के अचूकता. समजा तपासणीसाठी ३० ग्रॅब बाजूला ठेवलेत आणि २४ बरोबर निघाले. ८० टक्के झाले. पण ३० च्या आकड्यावर खरी अचूकता ६१ पासून ९२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, त्यामुळे ८० आणि ९० वरून गाइडशी भांडण्यात अर्थ नाही, हा पल्ला पेपरमध्ये सरळ छापा. ९५-९६ टक्के दाखवणारे मॅप बघितले की मी आधी तपासणीचे पॉइंट कुठे आहेत ते बघते, बऱ्याचदा ते शिकवणीच्या पॉइंटला (ज्यांच्यावरून कॉम्प्युटरला वर्ग शिकवले त्यांना) खेटून असतात, मग उत्तर बरोबर येणारच. खाडीचे लांबीने चार-पाच तुकडे करा, एक तुकडा पूर्ण बाहेर ठेवून बाकीच्यांवर मॉडेल शिकवा, मग त्या तुकड्यावर तपासा, असं आलटून पालटून. आकडा खाली येईल, ६५-७० वरही येईल कदाचित, पण तो तुम्ही कोणापुढेही ठेवू शकता. आणि कुठला वर्ग कशात मिसळतो ते टेबल जरूर द्या: खालचा मऊ चिखल आणि चॅनेलचा गाळ एकमेकांत गेले तर फार बिघडत नाही, पण वायूचा चिखल 'कडक' मध्ये गेलेला असेल तर वनखात्याच्या माणसाला ते माहीत असलं पाहिजे, उद्या तिथे कोणी कालवांची शेती सुचवेल.

पेपर होतो. मॅपसोबत दुसरा एक छोटा मॅप द्या, कुठल्या भागात किती खात्री आहे त्याचा, जिथे सोनारही गेला, बांबूही लागला आणि ग्रॅबही आहे तो गडद, जिथे नुसती इमेज आहे तो फिका. आणि दोन्हींवर महिना-वर्ष टाका, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर शिंपल्यांचे पट्टे याच जागी असतील याची हमी कोणी देत नाही. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, त्यातला सोनार आणि सॅम्पलिंगचा भाग मी बघून देते.